मोकळ्या जागेतले पट्टे

१

आयराला वाटलं होतं, तिचं फोटो छापायचं मशीन वराळ्यात उतरेल त्या दिवशी निदान चार माणसं कौतुकानं बघायला येतील. माणसं आली चारच, पण ती टेम्पोतून खोका उतरवायला. त्यातल्या एकानं घाम पुसत विचारलं, “ताई, याच्यावर वाढदिवसाचा फ्लेक्स निघंल का?”

“फ्लेक्स नाही, फोटो निघतात. शंभर वर्षं टिकणारे.”

“शंभर वर्षं कुणाला ठेवायचाय वो,” तो म्हणाला, आणि बाकीचे तिघे हसले.

तीन वर्षं परदेशात, लीड्समध्ये, ती फोटो छापायला शिकली होती. तिथल्या ढगाळ दुपारी तिनं मनाशी एक बेत पक्का केला होता. परत जायचं, आणि ज्यांना कुठल्याही भिंतीवर जागा नाही त्यांचे भिंतीएवढे फोटो छापायचे. नवलाख उंबरे गावच्या कारखान्यातून शिफ्ट संपवून येणाऱ्या बायका, इंदुरीच्या पुलाखाली जाळी सुकवणारी माणसं. प्रत्यक्षात बायका म्हणाल्या, “भिंतीएवढा कशाला? लहानच द्या, पण गोरं करून द्या.” आणि अब्बांच्या दुकानात, म्हणजे वराळे फाट्यावरच्या ‘मुलाणी फोटो अँड फ्लेक्स’मध्ये, दिवसभर दादांना शुभेच्छा आणि अण्णांना श्रद्धांजली छापली जात राहिली.

नवीन मशीन मागच्या गाळ्यात, काचेच्या खोलीत ठेवलं होतं. त्याच्याकडे मन लावून बघणारं माणूस एकच होतं. रोज सकाळी फरशी पुसायला येणाऱ्या अंबूबाई. कागद खाली ओढून धरणारा पंखा मशीनच्या पोटात चालू असायचा. अंबूबाई फडकं पिळता पिळता थांबत आणि म्हणत, “झोपलेलं लेकरू हाय जणू. श्वास घेतंय बगा.”

२

हौशीराम आबा आले ते सोमवारी. नवलाख उंबऱ्याजवळ त्यांनी नवा बंगला बांधला होता, शुक्रवारी वास्तुशांत होती. हॉलच्या भिंतीसाठी त्यांना सहा फुटी फोटो हवा होता. मोबाईलवरचा नव्हे, गेल्या दिवाळीत चांगल्या कॅमेऱ्यानं काढलेला. जुन्या घराच्या पायऱ्यांवर सगळं घर उभं होतं: आबा, त्यांची बायको बयाबाई, दोन मुलगे, सुना, नातवंडं. अकरा माणसं.

“हिला काढा,” आबांनी पडद्यावर नख टेकवलं.

निळ्या साडीतली ती मोठी सून होती, सारिका. आबांच्या पाच वर्षांच्या नातवानं, समर्थनं, तिचं बोट मुठीत घट्ट धरलं होतं.

“वारल्या का?” आयरानं हळूच विचारलं.

“न्हाई वो. गेली.”

“कुठं?”

आबांनी तिच्याकडे असं पाहिलं, की जणू तिनं त्यांच्या घरातलं कपाट उघडलं होतं. “मॅडम, तुमी फोटू छापा. गुरुवारी सांच्याला बगायला येतो.”

नसीर अब्बा लगबगीनं म्हणाले, “होऊन जाईल आबा, काळजीच नको.”

आयरानं सारिकेला काढलं. पदर काढला, चेहरा काढला, मागची पिवळी भिंत ओढून त्या जागी आणली. शेवटी समर्थच्या मुठीत बोट तेवढं राहिलं. ते काढायला तिला तासभर लागला. एवढ्या छोट्या मुठीत बोट किती खोलवर जातं, हे तिनं कधी पाहिलं नव्हतं.

३

मंगळवारी पहिला प्रिंट निघाला आणि तिनं जीभ चावली. दहा माणसं लखलखीत. मधली पिवळी भिंत तेवढी पट्ट्यापट्ट्यांची. तीन बोटांच्या अंतरानं पांढरे आडवे पट्टे, जमिनीपासून डोक्याच्या उंचीपर्यंत. त्यावर पुन्हा भिंत साफ.

छापणाऱ्याला पट्टे म्हणजे सर्दीपडसं. तिनं नोझल चेक, म्हणजे शाईची छिद्रं तपासायचा छापा, काढला. बारा रंगांच्या बारीक रेघांचा जिना, आणि एकही पायरी तुटलेली नाही. तरी तिनं शाई सोडणारं हेड धुतलं, एकदा हलकं, एकदा जोरात. हेडची रेषा जुळवली, कागद सरकण्याचं माप तपासलं, रोल बदलला. फेब्रुवारीची हवा कोरडी असते, शाई नळीतच सुकते, म्हणून खोलीत पाण्याची बादली ठेवली. पट्टे तसेच.

मग तिनं शिकलेली युक्ती केली. चित्र आडवं फिरवून छापलं. दोष मशीनचा असेल तर माणसं आडवी होतील, पण पट्टे कागदाच्या रुंदीतच पडतील.

पट्टे माणसांबरोबर फिरले.

“फाईल बिघडली असेल,” ती स्वतःशी म्हणाली. पडद्यावर भिंत मोठी करून पाहिली. पिवळी, साधी, खरबरीत भिंत. तेवढाच तुकडा वेगळा छापला. स्वच्छ आला. घरच्या माणसांसकट पुन्हा छापला, आणि पट्टे आले.

दोष मशीनमध्ये नव्हता, कागदात नव्हता, फाईलमध्येही नव्हता. तो रिकामा तुकडा त्या दहा माणसांच्या मध्ये असला, की मगच दोष दिसत होता.

४

“अगं, गॅप ठेवलीस ना, म्हणून,” अब्बा चहा फुंकत म्हणाले. “गॅप वाईटच दिसते. भर तिथं कुणाला तरी.”

“गॅपमुळे पट्टे कसे येतील अब्बा? हे काय बोलणं झालं?”

“माझ्या फ्लेक्सला आले होते दोनदा. कुणाला तरी बसवलं, गेले. कशाला खोलात जायचं?” त्यांनी कम्प्युटरवर एक फोल्डर उघडलं. नाव होतं ‘भरती’. आत चाळीसेक चेहरे होते. पासपोर्टसाठी फोटो काढून गेलेले आणि न्यायला परत न आलेले लोक. कुणा पुढाऱ्याच्या शुभेच्छुकांची रांग तोकडी पडली, लग्नाच्या फोटोत पाहुणे कमी दिसले, की अब्बा यातलेच दोनचार उचलून पेरत.

आयराच्या अंगाचा तिळपापड झाला. “ही जिवंत माणसं आहेत अब्बा! त्यांना विचारलंय कुणी? त्यांचा चेहरा म्हणजे काय रांगोळीचा रंग आहे, कुठंही भरायला?”

“न्यायलाच आली नाहीत तर विचारू कुणाला?”

“मग मी विचारल्याशिवाय कुणाचाही चेहरा वापरणार नाही. माझ्या मशीनवर तरी नाही.”

“वापर मग स्वतःचा,” अब्बा हसले. “तुझी परवानगी तर आहे ना?”

ते थट्टेनं म्हणाले. तिनं मनावर घेतलं. चेहरा पुसट करता येईल, आबांच्या घरचे ओळखणारही नाहीत, आणि तत्त्वही मोडणार नाही. दुपारी मागच्या अंगणात तिनं कॅमेरा स्टँडवर लावला आणि पिवळ्या उन्हात उभी राहिली. उजव्या हाताची तर्जनी तिनं किंचित खाली, पुढं धरली. ती समर्थच्या मुठीत नीट बसावी म्हणून.

बुधवारी सकाळी छापलेला तो प्रिंट तिच्या आयुष्यातला सर्वांत सुंदर प्रिंट होता. एक पट्टा नाही, एक ठिपका नाही. अकरा माणसं पायऱ्यांवर उभी, आणि मुठीत बोट असं बसलेलं, की तिनंच ते बसवलंय यावर तिचा विश्वास बसेना.

५

दुपारी जेवताना बोट जड झालं. घास उचलावा तर बोटाच्या बुडाशी काहीतरी आवळलेलं, गरम, थोडं घामट. तिनं हात झटकला. आवळणं गेलं नाही. रात्रंदिवस माऊस धरून शीर आखडली असणार, असं तिनं स्वतःला समजावलं. मोबाईल त्याच बोटाच्या ठशावर उघडायचा. तो उघडेना. शाईचे डाग असतील, असंही समजावलं.

संध्याकाळी घरी गेली तर अम्मीनं ओट्यावर दोनच ताटं काढून ठेवली होती.

“अम्मी, माझं?”

अम्मीनं मागं वळून पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, भीती नव्हती. दारात आलेल्या अनोळखी बाईकडे बघतात तसं सौजन्य होतं. “कोण पाहिजे?”

“अम्मी, चेष्टा नको.”

“तुम्ही नवाजभाईंच्या वरच्या मजल्यावर आलात का नवीन? जिना बाजूनं आहे.”

आयरा हसली. अम्मी हसली नाही. भिंतीवर आयराचा पदवीचा फोटो होता. त्यात काळ्या गाऊनची घडी होती, टोपी होती, मागं लीड्सची विटांची इमारत होती. मधोमध, तीन बोटांच्या अंतरानं, पांढरे पट्टे होते.

अम्मी दाराशी येऊन उभी होती, माणूस जाण्याची वाट बघत. दार लावून घेताना ती शेजारच्या बाईशी काय बोलली, ते आयराला जिन्यात ऐकू आलं: “नाही गं, आमची पोरगी तिकडंच असते. येते म्हणते, येते म्हणते. आता कुठली येतेय.”

६

ती रात्र तिनं तळेगाव स्टेशनच्या बाकावर काढली आणि गुरुवारी दुकानात गेली. अब्बा तिला “बसा ना ताई” म्हणाले. ती काचेच्या खोलीत जाऊन बसली. त्यांनी हरकत घेतली नाही. मशीन श्वास घेत होतं.

उन्हं कलताना आबा आले. बरोबर समर्थ. तो धावत आत आला, थेट तिच्यापाशी, आणि त्यानं तिचं बोट धरलं. कालपासून तिथं जे आवळलेलं होतं, त्याला आता फक्त हात फुटला.

आबांनी प्रिंट पाहिला. मान हलवली. मग तिच्याकडे वळले. सोमवारी ते तिला मॅडम म्हणाले होते.

“किती येळ लावलास गं? तुजी सासू सकाळधरनं एकटी भाकऱ्या बडवतीया. चल.”

“आबा, मी आयरा. नसीरभाईंची मुलगी.”

“झालं का सुरू तुजं?” आबा शांतपणे म्हणाले. “मागल्या खेपेला बी असंच. घरात गेल्यावं बगू.”

“अब्बा!” ती ओरडली.

नसीर अब्बांनी काउंटरवरून मान वर केली. त्यांनी आधी आबांकडे पाहिलं, मग ओशाळं हसले. “घेऊन जा आबा. सूनबाई दमलेल्या दिसतात. बसून होत्या बिचाऱ्या दिवसभर.”

आयराला आपला आवाज कुठून आला ते कळलं नाही. “शाई ओली आहे,” ती म्हणाली. “गुंडाळला तर चिकटेल. उद्या सकाळपर्यंत वाळू दे. मी इथंच थांबते, नाहीतर धूळ बसेल.”

आबांनी प्रिंटला बोट लावायला हात पुढं केला आणि मागं घेतला. सहा फुटांचा फोटो खराब होणं त्यांना परवडणार नव्हतं. “बरं. उद्या नऊला गाडी घिऊन येतो. फोटू बी नेतो आन तुला बी.”

समर्थला ओढून न्यावं लागलं. त्याचा हात सुटला, आवळणं तसंच राहिलं.

७

तिच्याकडे डोकं होतं, आणि डोक्याला तीन वर्षं एकच सवय लावली होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते बघायचं.

तिनं स्वतःला फोटोतून काढलं. मोकळी जागा तशीच ठेवून छोटा प्रिंट काढला. पट्टे आले. बोट तसंच. भिंग घेऊन ती पट्ट्यांच्या मधल्या रंगावर वाकली. तिथं पिवळी भिंत असायला हवी होती. एका फटीत निळ्या साडीचा काठ होता. वरच्या फटीत मान, मागून, आणि सैल झालेला अंबाडा. फाईलमध्ये यातलं काहीही नव्हतं. मूळ फोटोत सारिका समोर बघून हसत होती.

तिनं दुसरा प्रिंट काढला. अंबाड्याच्या जागी कान दिसत होता.

तिसरा प्रिंट तिनं काढला नाही.

मग तिनं ‘भरती’ उघडलं. न विचारता. पहिली दिसली ती बाई उचलली, मोकळ्या जागेत ठेवली, छापली. कागद बाहेर येत असताना बोटावरची मूठ एकदम सैल झाली.

“आयरा,” अब्बा काउंटरवरून म्हणाले, “गेले का गं तुझे पट्टे? जेवलीस का दुपारी? अम्मीचा फोन आला होता, काल घरी का नाही आलीस म्हणून.”

बाहेर जाऊन तिनं अब्बांचा सदरा धरला. सदऱ्याला फ्लेक्सच्या शाईचा तो उग्र वास येत होता, ज्याला ती लहानपणापासून नाक मुरडत आली होती.

“अगं, काय झालं? रडतेस काय वेड्यासारखी? मशीनच आहे ते, माणूस नाही.” ते तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. फिरवता फिरवता हात मंदावला. मग उचलला गेला. त्यांनी संकोचानं एक पाऊल मागं घेतलं.

“ताई, बरं नाही का वाटत? पाणी देऊ? आबांना फोन लावू का?”

बोट पुन्हा आवळलं गेलं. ती आत धावली. शाई वाळत आली होती, आणि बाईच्या चेहऱ्यावर तीन बोटांच्या अंतरानं पांढरे पट्टे उमटले होते. दुसरा चेहरा घेतला. पाच मिनिटं टिकला. तिसरा त्याहून कमी. वापरून वापरून झिजलेले चेहरे. ते कुठल्या कुठल्या रांगांत आधीच उभे होते, तिथून सुटून ते इथं किती वेळ उभे राहणार?

आठ वाजता अब्बांनी अदबीनं शटर ओढायला घेतलं, तेव्हा ती बाहेर पडली. किल्ली तिच्याही पर्समध्ये होती. त्यांना ते आता ठाऊक नव्हतं.

८

शुक्रवारी सकाळी सातला तिनं दुकान उघडलं. साडेसातला अंबूबाई आल्या. काचेच्या खोलीत अनोळखी बाई बघून त्या दचकल्या, मग तिच्या चेहऱ्याकडे बघून मऊ झाल्या.

“लांबनं आलाय व्हय? रातभर झोप न्हाई दिसत. थांबा, कोपऱ्यावरनं च्या आणते.”

त्यांनी स्वतःच्या पैशांनी चहा आणला आणि तिच्यासमोर बशीत ओतून दिला. मग फरशी पुसायला लागल्या, नेहमीसारख्या बोलत बोलत. “आज जरा घाईच हाय. कोमलचे दिवस भरलेत. माजी लेक वो. सासरच्यांनी आणून सोडलीया, आता माज्याबिगर कोन हाय तिला? दवाखान्यात मीच लागनार.”

आयरा ऐकत होती. पडद्यावर पायऱ्या होत्या, दहा माणसं होती, मधली जागा होती. पावणेआठ वाजले होते. सहा फूट छापायला पाऊण तास लागतो. तिनं हिशेब केला, आणि तो करताना तिच्या लक्षात आलं, की उत्तर तिला कालपासून माहीत होतं. न झिजलेला चेहरा हवा. कुठल्याही भिंतीवर, कुठल्याही रांगेत, कधीच न लागलेला. असा चेहरा आयत्या वेळी कुठं शोधायचा, हा प्रश्न तिला पडलाच नाही.

तिनं स्वतःला एक शेवटची संधी दिली. “मावशी,” ती म्हणाली, “तुमचा फोटो काढू का? एका मोठ्या फोटोत लावायचाय. नको असेल तर नाही म्हणा.”

नाही म्हटलं असतं, तर आपण थांबलो असतो, असं तिनं ठरवून टाकलं. अगदी मनापासून ठरवलं.

“माजा?” अंबूबाईंनी फडकं बादलीत टाकलं. ओले हात लुगड्याला पुसले. “मोठा म्हंजे केवडा?”

“भिंतीएवढा.”

“आगं बया!” त्या पोरीसारख्या लाजल्या. “काढा की. इचारताय काय त्यात? कोमलला दाखवीन. थांबा, पदर नीट करू द्या.”

अंगणात ऊन आलं होतं. अंबूबाई भिंतीपाशी ताठ उभ्या राहिल्या, हनुवटी वर, श्वास रोखून. आयरानं कॅमेरा डोळ्याला लावला.

“हसा थोडं, मावशी. हां. आणि उजव्या हाताचं एक बोट पुढं करा. जरासं खाली.”

“असं?”

“असंच. आता हलू नका.”